परळी वैजनाथ येथील उष्म्याचा बंदोबस्त

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य प्रथम सनदा, इनामपत्रे आणि वतनाचे कज्जे यांच्याकडे वळतो, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण कागद सापडतात ते तेथेच. परंतु परळी वैजनाथसारख्या गावी, जेथे चैत्र सरता सरता पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत मागे फिरण्याचे नाव काढीत नाही, तेथे माणसांनी, देवांनी आणि अखेर यंत्रांनी हा उष्मा कसा सोसला, कोणत्या युक्तीने अंगावेगळा केला आणि अंगावेगळा करून कोणाच्या माथी मारला, याचा शोध वतनाच्या कज्ज्यांइतकाच उद्बोधक ठरावा. विषय निघण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. तरुण मुले घरच्या संगणकावर खेळ खेळतात. खेळ ऐन रंगात आला, शत्रू समोर उभा ठाकला, की पडद्यावरचे चित्र अडखळू लागते, कॅबिनेटमधले पंखे घरघरू लागतात, आणि कधी कधी सगळा पडदा काळा होऊन डाव तेथेच मोडतो. वैशाखात असे अधिक वेळा होते. या मुलांना पडलेला प्रश्न, म्हणजे चालत्या यंत्रातील उष्णता बाहेर कशी काढावी हा, परळीला नवा नाही. याच प्रश्नापायी गावाशेजारचा एक अवाढव्य कारखाना एकाहून अधिक वेळा संपूर्ण बंद पडला आहे, आणि त्याच्याही पुष्कळ आधी या प्रश्नाचे एक उत्तर येथल्या शिवालयांतून थेंबाथेंबाने गळत होते.

परळी हे बालाघाटाच्या डोंगररांगांत, बीड जिल्ह्याच्या पूर्व अंगाला वसलेले गाव. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याची ख्याती. झारखंडातील देवघरही हाच मान सांगते, पण त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. टेकडीवरच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी केला. मुलूख मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या अमलाखालचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाचा निकाल लागेपर्यंत येथला सरकारी कारभार फसली सनावर आणि हाली सिक्क्यावर चालत असे. या मुलखातील घरे माळवदाची. तुळयांवर किलचांचा थर, त्यावर पाला आणि चिखल, आणि सर्वांवर वीतदीडवीत जाडीचा पांढऱ्या मातीचा लेप, अशी ती छपरे असत. भिंती दगडमातीच्या आणि इतक्या रुंद, की त्यांच्या कोनाड्यांत माणूस मांडी घालून बसावा. दिवसभराचे ऊन ही माती आणि भिंत पोटात साठवून ठेवी आणि ते घरात उतरू लागेपर्यंत रात्र झालेली असे. तोवर घरातील मंडळी अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असत. छतातील साण्यातून उजेड खाली येई आणि तापलेली हवा वर निघून जाई. उष्णतेला अटकाव करण्यापेक्षा तिची वेळ चुकवावी, अशी ही योजना होती, आणि सिमेंटच्या पातळ स्लॅबखाली राहणाऱ्या आजच्या पिढीने ती किती सहज गमावली, हे दुपारी तीन वाजता अशा स्लॅबखाली बसल्यावाचून कळावयाचे नाही. खेळण्याचा संगणक बहुधा त्याच स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोलीत ठेवलेला असतो, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उन्हाळ्याच्या महिन्यांत शिवलिंगावर गळती बांधण्याचा प्रघात महाराष्ट्रातील बहुतेक शिवालयांत आहे. तिवईवर किंवा साखळीला तांब्याचे पात्र, पात्राच्या बुडाला बारीक भोक, आणि धार न लागता थेंबच पडावा म्हणून त्या भोकात दर्भाची काडी किंवा सुताची वात. थेंब वातीच्या टोकाशी जमतो, फुगतो, क्षणभर लोंबतो आणि शाळुंकेवर पडून पन्हळीने बाहेर जातो. त्याची जागा घ्यावयास मागून दुसरा आलेलाच असतो. समुद्रमंथनातून निघालेले हलाहल शंकराने कंठात धरले, त्याचा दाह शमावा म्हणून ही योजना, असे भाविक सांगतात. समुद्रमंथनाच्या कथेशी परळीचे नाते तर आणखी निकटचे, कारण मंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी हे या लिंगात गुप्त झाले अशी स्थानिक श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी ठेवून केवळ योजनेकडे पाहिले, तर तिच्यात शीतनशास्त्राचे एक कलम पूर्ण उतरलेले दिसते: तापणाऱ्या वस्तूवर एकदाच घागर ओतण्यापेक्षा थोडे पाणी सतत वाहते ठेवावे, आणि त्याने घेतलेली उष्णता घेऊन त्याला बाहेर जाण्याची वाट असावी. पन्हळ तुंबली तर गळतीचा उपयोग नाही.

पाण्याच्या अंगी असलेला दुसरा आणि अधिक मोठा गुण घरोघरच्या रांजणांना ठाऊक होता. पाणी वाळते तेव्हा ते भोवतालची उष्णता घेऊन वाळते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात, म्हणजे तेवढेच पाणी बर्फाच्या थंडीपासून उकळीपर्यंत तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या साडेपाच पटींहूनही अधिक. रांजण पाझरतो तो याच हिशेबाने. परळीपासून जवळच मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती, आणि हिंदुस्थानातील सर्व छावण्यांप्रमाणे अशा ठिकाणच्या साहेबी बंगल्यांचा उन्हाळी सरंजाम ठरलेला असे: दारांना वाळ्याच्या टट्ट्या, त्यांवर पाणी मारणारा भिस्ती, आणि दोरीने छताचा पंखा हलविणारा एक मनुष्य, जो स्वतः मात्र बाहेरच्या पडवीत घामाघूम बसलेला. मराठवाड्यातील वास्तुकारांनी हीच विद्या दगडात बांधून दाखविली आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीचा विस्तीर्ण हौद हा खालच्या दालनाचे छतच आहे, आणि त्या पाण्यामुळे दालन भर उन्हाळ्यात गार राहते. नळदुर्गला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या अमलात, १६१३ साली, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला, तो तर ओसंडणाऱ्या पाण्याच्या पडद्याआड बसण्यासाठीच. या सर्व युक्त्यांना पाणी मात्र लागते, आणि पाणी हीच या मुलखाची कायमची अडचण.

येथवरचा इतिहास माणसांचा आणि देवांचा झाला. यंत्राच्या शीतनाचा प्रश्न परळीत खऱ्या अर्थाने उभा राहिला तो औष्णिक विद्युत केंद्रामुळे. ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ साली चालू झाला, पुढच्या वर्षी तेवढाच दुसरा. मग १९८०, १९८५ आणि १९८७ या सालांत २१० मेगावॉटचे तीन संच, आणि नव्या शतकात २००७, २०१० व २०१६ या सालांत २५० मेगावॉटचे आणखी तीन. जुने पाच संच आता निवृत्त झाले असून उरलेल्या तिघांची क्षमता ७५० मेगावॉट आहे. परळीस कोळशाची खाण नाही आणि मोठी नदीही नाही. कोळसा रेल्वेने यावयाचा आणि पाणी शेजारच्या परभणी जिल्ह्यातून, सोनपेठ तालुक्यातील गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून, आणावयाचे, अशी तजवीज करण्यात आली. खडका कोरडा पडला की माजलगाव धरणाकडे पाहावयाचे, आणि माजलगावने पैठणच्या नाथसागराकडे. एका तापलेल्या यंत्राचा धागा असा सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवरच्या जलाशयापर्यंत जाऊन पोहोचतो.

इतके पाणी वीज केंद्राला कशासाठी लागते, हे बाहेरच्या माणसास सहसा उमगत नाही. पाण्याची वाफ होते आणि वाफेवर चक्र फिरते, एवढे शाळेत शिकविलेले असते. परंतु ते पाणी बंदिस्त नळ्यांतून फिरत असते आणि त्यात घट फारशी नसते. खरे पाणी लागते ते वाफेचे काम संपल्यावर. सुमारे ५४० अंशांची वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आपले बळ खर्च करून खाली येते, तेव्हा तिला पुन्हा पाणी केल्यावाचून बॉयलरमध्ये परत लोटता येत नाही; म्हणून कंडेन्सर नावाच्या प्रचंड पात्रात हजारो नळ्यांतून गार पाणी खेळवून तिला पंचेचाळीस अंशांच्या आसपास निववावे लागते. २१० मेगावॉटच्या एका संचास यासाठी ताशी पंचवीस ते तीस हजार घनमीटर पाणी फिरवावे लागते. ते तापून बाहेर आले, की शीतक मनोऱ्यात उंचावरून शिंपडून त्यातील शेकडा दीडदोन भाग हवेत उडवून द्यावयाचा आणि उरलेले गार करून पुन्हा वापरावयाचे. कमरेत आवळलेल्या आकाराचे असे काँक्रीटचे मनोरे प्रथम हॉलंडात हेर्लेन येथील कोळशाच्या खाणीवर १९१८ साली फ्रेडरिक फान इटरसन या अभियंत्याने उभारले. छावणीतल्या वाळ्याच्या टट्टीचे ते महाकाय भावंड म्हणावयास हरकत नाही. कोळशातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा तारेत जातो. उरलेल्यातला काही धुराड्यातून आणि मोठा भाग या मनोऱ्यांतून आभाळात जातो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाण्याची कमाल मर्यादा ठरविली ती दर मेगावॉट-तासास साडेतीन घनमीटर, म्हणजे विजेच्या प्रत्येक युनिटामागे साडेतीन लिटर. ही मर्यादा प्रमाण धरली, तरी ११३० मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालविण्यास दिवसाकाठी साडेनऊ कोटी लिटरांच्या आसपास पाणी पाहिजे. परळीची क्षमता एवढी होती तेव्हाच, फेब्रुवारी २०१३ मध्ये, दुष्काळाने खडका आटला आणि संच एकामागून एक बंद करीत अखेर सगळे केंद्र थांबविण्याची पाळी आली. कोळसा होता, माणसे होती, तारा होत्या. यंत्र निववावयास पाणी नव्हते. जुलै २०१५ मध्ये तीच गत पुन्हा झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी शेजारच्या लातूरला पोहोचली आणि देशभर तिची वार्ता झाली. दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. पूर्ण भाराच्या परळी केंद्राला ते सात-आठ मिनिटे पुरले असते. हा हिशेब मांडताना कुणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही, पण एवढ्या कोरड्या प्रदेशात एवढे तहानलेले यंत्र बसविताना ज्यांनी नकाशा पाहिला, त्यांनी पर्जन्यमानाचे कोष्टक किती वेळ पाहिले असेल, अशी शंका मनात आल्यावाचून राहत नाही.

आता संगणकाकडे वळू. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक गणनयंत्राने खाल्लेली सर्व वीज शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडते; ते काही उचलत नाही, ओढत नाही, दळत नाही, त्यामुळे कामाच्या रूपाने बाहेर जाणारे असे त्याच्यापाशी जवळजवळ काहीच नसते. अमेरिकेतील एनियाक हे १९४६ साली जगापुढे आलेले यंत्र सुमारे अठरा हजार निर्वात नलिकांचे आणि दीडशे किलोवॉटांचे होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकमध्ये अशा २७०० नलिका होत्या. प्रत्येक नलिका म्हणजे एक छोटा धगधगता दिवा. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग एकसंध परिपथ आले, आणि उष्णता कमी होईल अशी जी आशा होती ती फोल ठरली, कारण जागा कमी लागू लागल्यावर माणसाने तेवढ्याच जागेत अधिक भरावयास आरंभ केला. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक तर एका वीज न वाहणाऱ्या द्रवात सगळाच्या सगळा बुडवून ठेवावा लागे.

आपल्याकडे संगणक बँका, कचेऱ्या आणि शाळांत शिरले ते वातानुकूलित खोलीचा मान घेऊनच. दाराबाहेर चपला काढावयाच्या, पडदे ओढलेले, आत गारवा आणि धुळीला मज्जाव. देवघराचे जवळजवळ सगळे नियम या खोलीस लागू असत, आणि सुटीच्या दिवशी साहेबांना थंड हवेत बसावयाचे असले तरी याच खोलीचे निमित्त होई. घरगुती यंत्रांत १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसविण्याचा शिरस्ता पडला. त्यापुढील दहा वर्षांत प्रोसेसरचा वेग वाढविण्याची जी शर्यत लागली, ती उष्णतेनेच थांबविली: २००४ सालच्या पेंटियम ४ ची एक आवृत्ती शंभर वॉटांपलीकडे गेली, तिच्यापुढच्या प्रोसेसरची योजना इंटेलने त्याच वर्षी रद्द केली, आणि एकाच गाभ्याला पळविण्याऐवजी दोन-दोन, चार-चार गाभे एकत्र बसविण्याचा मार्ग धरला गेला. संगणकाच्या इतिहासातील हे वळण शोधाने आलेले नसून तापाने आलेले आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. चित्रे रंगविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने मात्र कोणताच धडा घेतला नाही. १९९९ च्या जीफोर्स २५६ वर नाणेभर पंखा पुरत होता, आणि २०२२ चे आरटीएक्स ४०९० एकटेच ४५० वॉटांपर्यंत वीज ओढते.

मराठवाड्यातील लहान गावांत संगणकावरचे खेळ घरांच्या आधी सायबर कॅफेत आले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ताशी दराने काउंटर-स्ट्राइक आणि व्हाइस सिटी खेळावयाचे, आणि भारनियमनाची वेळ झाली की अर्ध्या डावातून उठावयाचे, हा त्या काळच्या खेळाचा नियमच होता. वीज केंद्राची धुराडी दिसत असलेल्या गावांतही तास न् तास वीज नसे, ही त्या दशकातील मराठवाड्याची नेहमीची कैफियत. अशा कॅफेत यंत्रे टेबलाखालच्या फळीत, भिंतीला पाठ लावून, एकाशेजारी एक कोंबलेली असत, आणि एकाने बाहेर टाकलेली गरम हवा शेजारचा आत ओढीत असे. छावणीतला पंखा ओढणारा आणि हे दुसऱ्या क्रमांकाचे यंत्र यांची दशा एकच.

पुढे सुटे भाग आणून यंत्र जुळविण्याची, म्हणजे असेंबल करून घेण्याची, चाल पडली आणि खेळण्याचा संगणक घरात आला. तेथे परळीच्या हवामानाने एक साधा पण निर्दय नियम दाखवून दिला. पंख्याचा झोत यंत्राला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. तो केवळ यंत्र आणि हवा यांच्यातील अंतर राखतो. बावीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर सत्तर अंशांवर स्थिरावतो, तोच बेचाळीस अंशांच्या खोलीत नव्वदीला भिडतो, आणि पंचाण्णव-शंभरच्या घरात गेल्यावर आपणहून वेग कमी करतो. पडद्यावरचे चित्र अडखळते ते येथे. औष्णिक केंद्राचेही असेच आहे, वैशाखात कंडेन्सर पुरता निवत नाही आणि संचाची कार्यक्षमता घटते. एकाच उन्हाने दोघेही एकाच दुपारी मंदावतात. गार देशांतील परीक्षक आपल्या गार खोल्यांत बसून जे आकडे छापतात, ते येथे लागू करताना म्हणूनच वीस अंश मिळवूनच वाचावे.

यावर घरोघरी झालेला पहिला उपाय सर्वांना ठाऊक आहे: कॅबिनेटची बाजूची पाटी काढून ठेवावयाची आणि टेबलफॅन सरळ आत रोखावयाचा. ताप चार-सहा अंश उतरतो, हे खरे. पण काळ्या मातीची धूळ आणि वीज केंद्राच्या परिसरात हवेत असणारी राख यांना त्यामुळे राजरोस वाट मिळते. असे वर्षभर चाललेले यंत्र दुरुस्तीच्या दुकानात उघडले, की प्रोसेसरवरचा पंखा काढल्यावर खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर नमद्यासारखा एक राखाडी थर बसलेला दिसतो. तो बोटाने उचलला तर अखंड निघतो, आणि त्याखालची पाती नव्यासारखी लखलखीत असतात, कारण हवा तेथवर पोहोचलेलीच नसते. मग ब्लोअरचा झोत. आणि तो मारताना जाणता कारागीर पंख्याच्या पात्यात बोट घालून तो धरून ठेवतो, एरवी तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. प्रोसेसर आणि धातूचा ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट उन्हाळ्या-उन्हाळ्यांत वाळून खडूसारखी झालेली असते. ती स्पिरिटने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी घालावयाची, आणि ठोकळ्याचे स्क्रू एका बाजूचा घट्ट करून मग दुसरीकडे न जाता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावयाचे. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. रंगीबेरंगी दिव्यांच्या पंख्यांवर हजारो रुपये घालणारी मुले ते वर्षातून एकदाही करून घेत नाहीत, याचे नवल वाटते.

दुसरा उपाय खोलीतल्या कूलरचा. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळा किंवा गवत भरलेल्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी: छावणीतल्या टट्टीचे आणि भिस्त्याचे हे यांत्रिक रूप मराठवाड्यातील घरोघरी असते. बेचाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी, हवेतील आर्द्रता शेकडा पंधराच्या आसपास असता, ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक बावीस-तेवीस अंशच दाखवितो. त्यामुळे बरा कूलर खोलीची हवा तिशीच्या आत आणू शकतो, आणि प्रोसेसरही त्या मानाने उतरतो. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेणे शहाणपणाचे नाही. त्यातून सूक्ष्म तुषार येतात, बोअरच्या जड पाण्याचे क्षार जाळीवर जसे पांढरे धरतात तसे आतही धरू लागतात, आणि ओलसर धूळ कोरडीपेक्षा चिकट बसते. खिडकी अर्धवट उघडी नसेल तर खोलीची हवा दमट होते आणि कूलर आपले काम स्वतःच थांबवितो. गळतीच्या पन्हळीचाच हा न्याय. आषाढ लागला की त्याचा उपयोग नाही, कारण हवाच ओली असते.

पाण्याचा हिशेब येथेही सुटत नाही. मोठे कार्ड असलेला संगणक खेळताना पाचशे वॉट घेतो असे धरले, तर चार तासांच्या खेळाला दोन युनिटे लागतात, आणि मघाच्या मर्यादेप्रमाणे दोन युनिटांमागे कुठल्याशा औष्णिक केंद्रावर सात लिटर पाणी खर्ची पडते. आपल्या घरातली वीज नेमकी कोणत्या केंद्राची, हे तारांच्या जाळ्यातून निवडून सांगता येत नाही. पण परळीच्या पोराने रात्रीच्या डावात एक घागर गोदावरी खर्चिली असे म्हटले, तर ते फारसे चुकीचे ठरू नये. म्हणूनच मला तिसरा उपाय सर्वांत पसंत आहे, आणि तो फुकटचा आहे: खेळातील चित्रांची गती साठावर बांधून घालावी आणि कार्डाची वीज थोडी उतरवावी. खेळणाऱ्याला फरक क्वचितच जाणवतो; जळणे मात्र पुष्कळ कमी होते. जुन्या लोकांप्रमाणे उन्हाची वेळ चुकवून रात्री दहानंतर खेळणे, हा त्याचाच जोडउपाय. त्याला घरच्या वडीलधाऱ्यांची हरकत असते, ती वेगळ्या कारणांसाठी.

बाजारात आज दोन प्रकारची शीतके मिळतात. एकात पंप, रबरी नळ्या आणि पंख्यांचा चौकोन असतो, आणि आतला द्रव फिरत राहतो. परळीच्या वीज केंद्राची ही खेळण्यातली प्रतिकृती, फक्त पाणी हवेत न उडविता बंद नळीतच ठेवलेली. दुसऱ्या प्रकारात तांब्याच्या वाकविलेल्या नळ्या धातूच्या पात्यांत खोवलेल्या असतात आणि पंखा वारा घालतो. या नळ्या भरीव दिसतात, पण त्या पोकळ असतात. आतली हवा काढून घेऊन त्यांत थोडेसे पाणी सोडलेले असते, आणि आतल्या भिंतीला दिव्याच्या वातीसारखे पाणी ओढून घेणारे अस्तर असते. निर्वातामुळे ते पाणी चाळीस-पन्नास अंशांवरच उकळते, वाफ होऊन गार टोकाकडे जाते, तेथे उष्णता टाकून पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत परत येते. लॉस अलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी सिद्ध केली, ती प्रथम अंतराळयानांच्या कामी आली आणि मग संगणकांत उतरली. रांजणाने, टट्टीने आणि मनोऱ्याने जे पाणी हवेत उधळले, तेच काम येथे काही थेंब वर्षानुवर्षे करीत राहतात आणि त्यातला एकही बाहेर जात नाही. पंपाचे शीतक दिसावयास देखणे असते आणि दुकानदार तेच पुढे करतो. परंतु पाच-सहा वर्षांत त्याच्या नळ्यांतून द्रव हळूहळू विरतो, पंप केव्हातरी बंद पडतो, आणि मग सगळेच शीतक बदलावे लागते. तांब्याच्या नळ्यांच्या शीतकात झिजणारी वस्तू एकच, तो पंखा. तो चार स्क्रूंवर किंवा दोन तारांच्या पकडीवर बसलेला असतो आणि काही शे रुपयांत नवा मिळतो.